पूररेषेतली शेती: नकाशा, काठ आणि पुरानंतरचे पंधरा दिवस

कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठी ज्यांची मळीची, म्हणजे नदीच्या गाळाची जमीन आहे, त्यांची पूररेषेशी, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या सरकारी रेषेशी गाठ बहुतेक वेळा घराची किंवा गोठ्याची परवानगी अडल्यावर पडते. त्यामुळे ही रेषा म्हणजे शेतीवरची बंदी, असा समज पसरला आहे. तो खरा नाही. दोन पूररेषांपैकी नदीजवळच्या निळ्या रेषेच्या आतही पीक घ्यायला कोणी अडवत नाही. अडवलं जातं ते बांधकाम आणि भराव. खरी अडचण निराळी आहे. पूरमैदानातली शेती कशी सांभाळायची, याचं एकत्रित धोरण महाराष्ट्रात नाही. पूररेषा जलसंपदाकडे, बांधकामाचे नियम नगररचनेकडे, नुकसानीचा पंचनामा महसुलाकडे आणि गाळाची योजना मृद व जलसंधारणाकडे. हे तुकडे जोडायचं काम शेवटी शेतकऱ्यावर आणि ग्रामपंचायतीवर येतं. ते कसं करायचं, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

रेषांचा अर्थ

राज्यात पूररेषांचा पाया आजही पाटबंधारे विभागाचं सप्टेंबर १९८९ चं परिपत्रक हाच आहे. २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा नदीच्या प्रस्थापित पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांपैकी जो जास्त असेल त्याची पातळी म्हणजे निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणजे लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र.

‘२५ वर्षांतून एकदा’ या शब्दांनी फसू नका. त्याचा अर्थ दरवर्षी ४ टक्के शक्यता असा आहे. एकदा पूर आला की पुढची २५ वर्षं सुट्टी, असं गणित त्यात नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनंतर हे सांगली-कोल्हापुरात कोणाला समजावण्याची गरज उरलेली नाही. पीक आणि गुंतवणूक ठरवताना मात्र अजूनही ‘आता इतक्यात येत नाही’ हाच हिशेब चालतो.

निषिद्ध क्षेत्रात बाग, मैदान, मोकळी जागा, शेती असे खुले वापर चालतात. नियंत्रित क्षेत्रात बांधकाम करायचं तर अटी आहेत. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच ठेवण्याची अट आहे. ‘शेतघर आहे, त्याला काय लागतं’ असं म्हणून पाया घेऊ नका. पाडायची नोटीस येईल तेव्हा येईल, पण नुकसानभरपाईच्या वेळी अनधिकृत बांधकामाचा मुद्दा आधी निघतो.

पहिलं काम: गट नंबर नकाशावर बसवा

पूररेषेचे नकाशे जलसंपदाच्या विभागीय कार्यालयात, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या पाटबंधारे विभागात असतात. शहराच्या किंवा प्रादेशिक योजनेच्या हद्दीत गाव असेल तर विकास योजनेच्या नकाशावरही रेषा दाखवलेल्या असतात. कार्यकारी अभियंत्यांच्या नावे साधा अर्ज करा. त्यात गाव, गट नंबर आणि नदीचा काठ, डावा की उजवा, एवढं लिहा आणि दोन गोष्टी मागा: नकाशाची प्रत, आणि आपल्या गटाजवळच्या छेदावर (नदी आडवी मोजलेल्या जागी) निळ्या व लाल रेषेची पातळी मीटरमध्ये. दुसरी गोष्ट मागायला बहुतेक जण विसरतात. नुसत्या नकाशावर रेषेची जाडीच शेतात कित्येक मीटर भरते. पातळीचा आकडा हातात असेल तर लेव्हल मशीनवाल्याकडून शेतात नेमकी खूण मारून घेता येते. उत्तर आलं नाही तर तोच मजकूर माहिती अधिकाराच्या अर्जात घाला.

दुसरी खूण स्वतःची ठेवायची. आपलं शेत जवळच्या पाणीपातळीच्या मापाशी जोडून घ्या. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५ फूट. २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथे किती फूट पाणी असताना आपल्या खालच्या बांधाला पाणी लागतं, किती फुटांना मोटारीच्या पायाला, किती फुटांना वस्तीच्या वाटेवर, हे तीन आकडे कायमस्वरूपी लिहून ठेवा. एका पावसाळ्यात दोन आकडे मिळतात, तिसरा मोठ्या पुरात. मग ‘धोका पातळी ओलांडली’ या बातमीची वाट बघावी लागत नाही. मोटार आणि स्टार्टर आपल्या आकड्याच्या तीन फूट आधीच वर येतात.

शेताचे तीन पट्टे

पूरमैदानाचा सगळा तुकडा एकाच पिकाने भरायचा, ही सवय सर्वांत महाग पडते. पाणी कुठे किती दिवस थांबतं त्यावरून पट्टे पाडा.

पहिला पट्टा काठाचा. आपल्या हद्दीतला काठालगतचा ५ ते १० मीटर भाग पिकातून मोकळा करा. ऐन काठापर्यंत नांगर फिरवला की माती मोकळी होते, पाणी ओसरताना काठ ओल्या वजनाने खाली बसतो आणि वर्षाला नांगराचं एकेक तास (सरी) नदीत जातं. या पट्ट्यात काय कुठे लावायचं याला क्रम आहे. पाण्यालगत शेरणी, वाळुंज यांसारखी वाकणारी झाडंझुडपं, कारण ती पुरात आडवी होतात आणि नंतर उठतात. उतारावर वाळा, ओळीत दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवून, ओळी उताराला आडव्या. काठाच्या माथ्यावर, कडेपासून निदान ३ मीटर आत, करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर आणि बांबूची बेटं. मोठं झाड ऐन कडेवर लावलं तर ते पुरात मुळासकट पडतं आणि काठाचा मोठा लचका घेऊन जातं. ही चूक वृक्षारोपणाच्या मोहिमांत हमखास होते, कारण फोटोला कडाच चांगला दिसतो.

लावण्याची वेळही महत्त्वाची. जूनमध्ये लावलेला वाळा जुलैअखेरच्या पुरात उपटून जातो. पूर ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या ओलीत लावा आणि उन्हाळ्यात पाणी द्या. पुढच्या पुरापर्यंत मुळांना सात-आठ महिने मिळतात. झाडांच्या ओळी प्रवाहाला समांतर ठेवा. प्रवाहाला आडवी दाट रांग केली की त्यात ओंडके, प्लास्टिक, उसाचं पाचट अडकतं आणि मागे फुगवटा येतो. खाजगी जमिनीतला बांबू २०१७ च्या वन कायद्यातील दुरुस्तीनंतर ‘झाड’ या व्याख्येत येत नाही, त्यामुळे पुढे तोडीच्या परवान्याची भीती नाही. आपल्या हद्दीबाहेरचा उतार मात्र सरकारी पात्रात मोडतो. तिथे लावायचं तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि तहसीलची परवानगी घेऊनच.

दुसरा पट्टा सखल भागाचा, जिथे पाणी चार-पाच दिवस तरी बसतं. इथे आडसाली ऊस नको. आडसालीची लागण १५ जुलै ते १५ ऑगस्टची, म्हणजे बरोबर पुराच्या तोंडावर. टिपरी कुजते, उगवलेला कोंब गाळाखाली जातो आणि बियाणं, खत, मजुरी असा सगळा खर्च पहिल्याच महिन्यात बुडतो. ऊसच घ्यायचा तर पूर्वहंगामी, १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबरची लागण. जुलैअखेर तो नऊ महिन्यांचा आणि डोक्यावर गेलेला असतो. शेंडा पाण्यावर राहिला तर ऊस बराच तग धरतो. शेंडा बुडून आठवडा गेला तर वाढीचा कोंब मरतो. सोयाबीन या पट्ट्यात जुगारच. त्यापेक्षा खरिपात धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरा, हेक्टरी ४० ते ५० किलो. तो पाण्यात उभा राहतो, पूर आला नाही तर ४५ ते ५० दिवसांनी फुलोऱ्यावर गाडता येतो, आणि खरा पैसा रब्बीत हरभरा, शाळू, भाजीपाल्यातून काढता येतो.

तिसरा पट्टा लाल रेषेच्या आसपासचा आणि वरचा. कायमची गुंतवणूक इथेच करायची: ठिबकचं हेड युनिट, खताचं गोदाम, गोठा, विहिरीचं बांधकाम. याबद्दल वेगळं सांगण्यासारखं फार नाही.

भराव, ओत आणि वीटभट्टी

पुराला शेतात येऊ न देण्यासाठी काठाला उंच मातीचा बांध घालायची कल्पना दर पुरानंतर निघते. तो बांध एका ठिकाणी खचतो आणि तिथून पाणी धबधब्यासारखं आत पडतं. जिथे पडतं तिथे पुरुषभर खड्डा आणि पुढे सगळी माती खरवडलेली. वर नदी ओसरली तरी आतलं पाणी बांधामुळे बाहेर जात नाही. दोन दिवसांत उघडी पडली असती ती जमीन आठ दिवस बुडून राहते. शिवाय ढकललेलं पाणी समोरच्या काठावर चढतं. शेताचे बांध एक फुटाच्या आसपास ठेवा आणि सर्वांत सखल कोपऱ्यात दगडी सांडवा सोडा, म्हणजे पाणी शांतपणे आत येईल आणि त्याच वाटेने परत जाईल.

जुने ओत, म्हणजे पाणी वाहून जाण्याच्या खोलगट वाटा, आणि ओघळी हे पूरमैदानाचे निचऱ्याचे मार्ग. त्यांचं सपाटीकरण करून पाच-दहा गुंठे वाढवलेली जमीन आजूबाजूच्या पंचवीस एकरांना पाण्यात ठेवते. शेजाऱ्याने किंवा एखाद्या कामाच्या भरावाने नैसर्गिक प्रवाह अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ उपयोगी पडतं. लोकांना ते शेतरस्त्याच्या वादासाठी माहीत असतं, पण शेतजमिनीवरच्या पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहातला बेकायदा अडथळा काढण्याचे अधिकारही तहसीलदारांना त्याच कलमाने आहेत. अट एकच आणि ती कडक आहे: अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हायला हवा. पूर गेला, दिवाळी झाली, ऊसतोड आली, आणि मुदत संपते. सरकारी रस्त्याच्या भरावावर हा उपाय सहसा चालत नाही, कारण तो भराव कायदेशीर अधिकाराखाली घातलेला असतो. तिथे मोऱ्या आणि कमानी वाढवण्याची मागणी ग्रामसभेच्या ठरावाने, गट नंबर आणि पाणी थांबल्याच्या तारखांसह करा.

मळीची पोयट्याची माती वीटभट्टीला देण्याबाबत एवढंच: काठाजवळची तीन फूट माती गेली की तो भाग पुढच्या पुरात नदीचा नवा रस्ता होतो. परवान्याशिवाय उत्खनन झालं तर महसूल अधिनियमाच्या कलम ४८ खालचा दंड जमीनमालकापर्यंत येतो. भट्टीवाला तोवर दुसऱ्या गावात असतो.

पावसाळ्यापूर्वीचे कागद

सातबारा काढून पोटखराबा, म्हणजे लागवडीलायक नाही म्हणून नोंदलेलं क्षेत्र, बघा. नदीकाठच्या कित्येक गटांत प्रत्यक्षात ऊस उभा असतो आणि कागदावर तो भाग पोटखराब ‘अ’ असतो. त्या क्षेत्राची मदत मिळत नाही. वर्ग ‘अ’ लागवडीखाली आणल्याची नोंद तहसीलदारांकडे अर्ज करून घेता येते. वर्ग ‘ब’, म्हणजे ओढा, रस्ता यांसाठी राखलेला भाग, तसा बदलत नाही. शेतकरी ओळख क्रमांक, आधारशी जोडलेलं बँक खातं आणि सामाईक खातं असेल तर सहहिस्सेदारांची संमती, हे जूनमध्येच उरका.

ई-पीक पाहणी करायचीच, पण तिच्यावर विसंबू नका. खरिपाची पाहणी साधारण १ ऑगस्टपासून सुरू होते आणि २०२१ चा पूर २३ जुलैच्या आसपासच आला. म्हणून जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात चारही कोपऱ्यांतून पिकाचे फोटो काढा, ठिकाण आणि तारीख उमटेल असे. हद्दीच्या दगडांचेही काढा. दगड वाहून गेले तर मोजणीच्या वेळी हेच फोटो कामी येतात.

पाणी ओसरल्यावरचा क्रम

घाई इथेच नडते. आधी पुरावा, मग निचरा, मग पंचनामा आणि शेवटी गाळ.

पाणी उतरल्याच्या दिवशी फोटो घ्या. गाळ बसला असेल तर पट्टी उभी रोवून त्याची जाडी दिसेल असा फोटो, प्रत्येक एकरात निदान तीन ठिकाणी. मग सखल कोपऱ्यातून चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा. यात पुराव्याला धक्का लागत नाही आणि पीक वाचतं. पंचनामा महसूल, कृषी आणि ग्रामपंचायत या तिघांचे कर्मचारी संयुक्तपणे करतात. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, अर्जावर तेच लिहा. पंचनाम्यात पिकाचं नुकसान, गाळ आणि जमीन खरवडणं या तीन बाबी वेगवेगळ्या लिहिल्या आहेत का ते सही करण्यापूर्वी वाचा. ‘पूरग्रस्त क्षेत्र १ हेक्टर’ एवढंच लिहिलं तर फक्त पिकाची मदत निघते.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत दर असे आहेत: पिकाचं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झालं तर हेक्टरी ८,५०० रुपये जिरायतीला, १७,००० बागायतीला आणि २२,५०० बहुवार्षिक पिकांना, २ हेक्टरच्या मर्यादेत. शेतात ३ इंचांपेक्षा जास्त गाळ किंवा वाळू असेल तर ती काढायला हेक्टरी १८,००० रुपये. नदीने प्रवाह बदलून जमीन वाहून नेली तर हेक्टरी ४७,००० रुपये, पण फक्त अल्प व अत्यल्प भूधारकांना. राज्य सरकार एखाद्या आपत्तीसाठी यात भर घालतं. ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये मर्यादा ३ हेक्टर झाली आणि खरवडलेल्या जमिनीला ४७,००० रुपयांशिवाय रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतची कामं जाहीर झाली. अशी वाढ त्या-त्या शासन निर्णयापुरतीच असते. आदल्या वर्षीचा दर पुढच्या वर्षी गृहीत धरू नका.

पंचनाम्यानंतर मदतीच्या यादीत आपला विशिष्ट क्रमांक आला की, ई-केवायसी मागितली असेल तर, ती सेवा केंद्रात करा. अनेकांचे पैसे याच टप्प्यावर अडकून राहतात.

गाळ काढायचा की मिसळायचा

१८,००० रुपयांत काय होतं ते मोजून बघा. एका एकरावर ३ इंच थर म्हणजे १०,८९० घनफूट, साधारण १०९ ब्रास. एकराच्या वाट्याला मदत येते सव्वासात हजारांच्या आसपास. ब्रासला ६७ रुपये. एवढ्यात भरणं, वाहणं आणि टाकणं होत नाही. म्हणून पहिला प्रश्न, आलं आहे ते काय आहे?

मूठभर ओला थर दाबून बघा. चिकट, गुळगुळीत, लांबट वळी होत असेल तर तो बारीक गाळ. सहा इंचांपर्यंतचा असा गाळ काढू नका. वाळल्यावर त्याची कडक पापडी होते आणि खालच्या जमिनीचा श्वास कोंडतो, तेव्हा वाफसा येताच कुळवाने ती फोडा, मग नांगरट करून खालच्या मातीत मिसळा. वाफशाआधी ट्रॅक्टर घातला तर चाकाखाली जो घट्ट थर होतो तो दोन हंगाम त्रास देतो. हाताला खरखरीत लागून सुटत असेल तर वाळू. भारी काळ्या जमिनीवर तीन इंचांपर्यंत वाळू खोल नांगरटीने मिसळून जाते आणि निचऱ्याला चांगलीच असते. त्यापेक्षा जाड थर, गोटे किंवा मुरूम असेल तर खरवडून काढायलाच हवा. काढलेला ढीग काठावर रचू नका, तो पुढच्या पुरात पुन्हा शेतात येतो. आणि वाळू गौण खनिजात मोडते, विकायची असेल तर आधी तहसीलची परवानगी.

दोन्ही बाबतीत पेरणीपूर्वी माती तपासा. वरच्या थराचा नमुना आणि मूळ जमिनीचा नमुना वेगळा, प्रत्येकी आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून अर्धा किलो. सामू आणि विद्युत वाहकता बघायची. नत्र वाहून गेलेलं असतंच, त्यामुळे पहिल्या पिकाला ते हप्त्यांनी द्या.

उभ्या उसाचा निर्णय पोंगा, म्हणजे शेंड्यातला वाढीचा कोंब, बघून. पोंगा ओढला आणि कुजका वास मारत हातात आला, तर तो ऊस पुढे वाढणार नाही, बाजूच्या डोळ्यांतून पांगशा फुटतील आणि वजन, साखर दोन्ही घटेल. अशा प्लॉटची नोंद कारखान्याच्या शेती विभागात लेखी देऊन तोड लवकर मागा. पोंगा हिरवा आणि घट्ट असेल तर गाळाने माखलेली पानं स्वच्छ पाण्याने धुऊन घ्या, निचरा करा आणि वाफशावर खत द्या.

खरवडलेली जमीन भरताना

एक एकर जमीन एक फूट भरायची तर ४३५ ब्रास माती लागते. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत धरण-तलावातला गाळ मिळतो आणि अल्पभूधारकांना एकरी १५,००० रुपये, अडीच एकरांपर्यंत ३७,५०० रुपये अनुदान आहे. त्यात धरलेला गाळ एकरी ४०० घनमीटर, म्हणजे सगळीकडे पसरला तर चार इंच. तेव्हा सगळं शेत एकदम भरायचा नाद सोडा. आधी खड्डे मुरूम-मातीने बुजवून दाबून घ्या, वरच्या फुटात चांगली माती ठेवा, पहिली दोन वर्षं धैंचा किंवा ताग गाडा आणि जिथून पाणी घुसलं ती जागा काठाच्या पट्ट्यात सोडून द्या. तीच जागा पुन्हा भरून ऊस लावला तर नदी पुन्हा तिथूनच येते.

जमीन कायमची नदीत गेली असेल तर भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या आणि तेवढ्या क्षेत्राचा आकार (जमीन महसूल) कमी करण्यासाठी महसूल अधिनियमाखाली तहसीलदारांकडे अर्ज द्या. आकाराची रक्कम किरकोळ असते. अर्जाचं महत्त्व दुसरं आहे: नदीने पुढे-मागे तिथे मळी टाकली, तर ती जमीन कोणाची यावर वाद होतो आणि तेव्हा मोजणीचा हा नकाशा लागतो.